कॉफी सोडून परत आलास, पण माप जुनंच धरलंस

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. उत्तर लांबणार आहे, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मुलामुलींनी माझ्या समोरच्या खुर्चीत बसून गेली चोवीस वर्षं विचारला आहे. नागपुरात मेडिकल चौकाच्या अलीकडे माझा दवाखाना आहे. आजूबाजूला हॉस्टेलं, अभ्यासिका, खोली करून राहणारी मुलं. माझे अर्धेअधिक पेशंट विशीतलेच. तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून 'तू'च म्हणते.

आधी तुझं म्हणणं थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तू गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून शिकायला आलेला, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, त्रिमूर्तीनगरात दोघांत खोली. दिवसाला पाच मग कॉफी व्हायची. दसऱ्याला ठरवून एका दिवसात बंद केलीस. पहिला आठवडा डोकं फुटायची वेळ आली, मग हलकं वाटायला लागलं, सकाळी गजराशिवाय जाग यायला लागली. दीड महिना निभावलंस. हिवाळी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक मग घेतलास आणि पंधरा दिवसांत चार मगांवर आलास. आता छातीत धडधड होते, रात्री तीनपर्यंत डोळा लागत नाही, आणि सकाळी पहिला मग पोटात गेल्याशिवाय अक्षर डोक्यात शिरत नाही. उन्हाळी परीक्षेला सात आठवडे आहेत. तू विचारतोस, पुन्हा सोडू का? सोडली तर परीक्षेपर्यंत सावरेन का? सोडून परत धरली म्हणजे माझ्यात जिद्दच नाही का? आणि शेवटी घाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे, की रूममेट रोज रात्री कॉफी करतो आणि त्याला नाही म्हणवत नाही. त्या ओळीकडे मी शेवटी येईन, कारण मला ती महत्त्वाची वाटली.

माझ्या मते 'सोडू की ठेवू' ही तुझी अडचणच नाही. तू परत आलास यात काही बिघडलेलं नाही. जुन्या मापाने आणि जुन्या वेळेला परत आलास, तिथे बिघडलं. दीड महिन्यात तुझ्या शरीराने एक मोठी गोष्ट कमावली होती, ती कुणी तुला सांगितली नाही, आणि दोन आठवड्यांत ती खर्च झाली. काय कमावलं होतं ते सांगते.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साचत जातो. तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसला की आपल्याला पेंग येते. कॅफिनची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच जागा अडवून बसतं. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, अगदी तसं. रुमाल टाकला म्हणजे प्रवासी कमी झाले असं होत नाही. ते उभे राहतात, दाटीवाटीने. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. दुपारी तीनच्या मगानंतर सात वाजता तुला जो अचानक गळाठा येतो, तो हाच. कॉफीने तुला ताकद दिलेली नसते. थकवा बाहेर उभा ठेवलेला असतो.

रोज पाच-पाच रुमाल पडायला लागले की मेंदू जास्तीच्या सीटा बसवतो. म्हणून पूर्वी एका कपात यायची ती तरतरी पुढे तीन कपांतही येत नाही. अशा वेळी कॉफी एका दिवसात बंद केली तर त्या सगळ्या जादा सीटा एकदम भरतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. हा त्रास शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, एक-दोन दिवसांत कळस गाठतो, आणि दोनापासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतो. डोकेदुखीबरोबर चिडचिड, मरगळ, लक्ष न लागणं, कुणाला मळमळ, कुणाला चक्क अंगदुखी. मनोविकारांच्या वर्गीकरणाचं अमेरिकेतलं जे प्रमाण पुस्तक आहे, त्यात २०१३ पासून कॅफिन सुटल्याच्या त्रासाला अधिकृत निदानाचा दर्जा आहे. म्हणजे दसऱ्यानंतरचा तुझा तो आठवडा मनाचा खेळ नव्हता. एक पेशंट मला म्हणाला होता, ''मॅडम, कॉफी तर सोडली, पण डोकं फुटून राहिलं.'' त्याला वाटत होतं की ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आठवडा-दोन आठवड्यांत त्या जादा सीटा निघून जातात. तू दीड महिना थांबलास, म्हणजे नोव्हेंबरअखेर तुझा मेंदू कॉफी न पिणाऱ्या माणसासारखा झाला होता. त्या वेळी तुला लहान कपभर कॉफी पुरली असती, आणि तिने कामही चांगलं केलं असतं. पण तू घेतलास आपला नेहमीचा मोठा मग, दोन चमचे पावडरीचा. ज्याची सवय मोडली आहे त्याने पूर्ण मात्रा घेतली की धडधड होते, हात कापतात, झोप उडते. मग झोप उडाली म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा मग. पुढचं तू जगला आहेस.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी १९९१ साली वणीहून मेडिकलला आले. आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाळ, एकादशीला नाहीतर पाहुणे आले की. हॉस्टेलला आल्यावर रात्री अकराला कॉइलच्या शेगडीवर दूध तापायचं आणि आम्ही तिघी जणी पितळी पेल्यांत पावडर-साखर फेटत बसायचो. दुसऱ्या वर्षापर्यंत मी सहा पेल्यांवर गेले होते. दिवाळीत घरी आईने पित्ताचा त्रास बघून कॉफी बंद करायला लावली, आणि दोन दिवसांत माझं डोकं असं ठणकायला लागलं की नुकतंच शिकलेले सगळे भयंकर आजार मला स्वतःला दिसायला लागले. परत आल्यावर एका सिनिअर ताईने फक्त एवढंच विचारलं, ''कॉफी कधी बंद केलीस?'' त्या एका प्रश्नाचा माझ्यावर केवढा परिणाम झाला! आज डोकेदुखी घेऊन कुणीही आलं तरी मी तो विचारतेच. चार महिने मी कॉफीला शिवले नाही. मग पॅथॉलॉजीच्या परीक्षेच्या रात्री तीन पेले घेतले. सकाळी तोंडी परीक्षेला सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड फोकस करताना माझी बोटं थरथरत होती, उत्तर येत होतं आणि आवाज फुटत नव्हता. मला ती सकाळ अजून दिसते. म्हणून 'परत कसं यावं' हे मी मुलांना 'सोडावं कसं' यापेक्षा जास्त वेळ देऊन समजावते.

आता तुझ्या मगात किती आहे ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १५० मिलिलिटरच्या कपासाठी आकडे आहेत. पूड उकळून किंवा फिल्टरने केलेली कॉफी ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट ५० ते ६५, चहा ३० ते ६५. दिवसाची मर्यादा त्यांनी ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. युरोप-अमेरिकेतल्या संस्था निरोगी प्रौढांना ४०० पर्यंत चालेल म्हणतात. मी विद्यार्थ्यांना ३०० च सांगते, आणि त्यातही एका वेळी २०० च्या वर जाऊ नका म्हणते. तुझा मग कपाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे एका मगात शंभराच्या पुढे. चार मग म्हणजे चारशे-पाचशे. आणि तू चहाबद्दल काही लिहिलं नाहीस. कॉलेजच्या गेटवर, अभ्यासिकेबाहेर टपरीवर मित्रांबरोबर दोन-तीन ग्लास होतच असणार. 'कॉफी सोडली' म्हणणाऱ्या निम्म्या मुलांनी चहा वाढवलेला असतो आणि तो हिशेबात धरलेला नसतो.

पाकीट उलटून वाच. स्वस्त पाकिटांत चिकोरी, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, मिसळलेली असते आणि कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापावंच लागतं. चिकोरीत कॅफिन नसतं. त्यामुळे दोन चमचे म्हणजे किती, हे पाकिटागणिक बदलतं. रूममेटने ब्रँड बदलला की तुझी मात्रा बदलते, आणि तुला वाटतं आज आपल्याला काय झालं. एनर्जी ड्रिंकला आपल्याकडे लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. आणि दुकानात सुटी मिळणारी डोकेदुखीची गोळी घेताना तिच्या मागची अक्षरंही वाच. काही गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन घातलेलं असतं. कॉफी सोडल्यावर डोकं दुखतं म्हणून अशी गोळी घेणारी मुलं मी पाहिली आहेत. गोळीने बरं वाटतं, कारण तिने गेलेलं कॅफिन परत आणून दिलेलं असतं. दिवसाला तीन-तीन गोळ्या घेऊन 'मी महिनाभर कॉफी घेतली नाही' असं सांगणारा एक मुलगा होता. तो मनापासून सांगत होता.

मापाइतकीच वेळ महत्त्वाची, आणि तुझं खरं नुकसान तिथे होतंय. कॅफिनचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. हे यकृतातल्या कॅफिन पचवणाऱ्या एका एन्झाइमवर ठरतं आणि प्रत्येकाचा वेग जन्मतः वेगळा असतो. तुझा रात्री साडेदहाचा मग १२० मिलिग्रॅमचा धरला, तर पहाटे साडेतीनला ६० मिलिग्रॅम तुझ्या रक्तात आहेच. म्हणजे त्या वेळी कुणी तुला उठवून कपभर इन्स्टंट कॉफी पाजावी तसं. काही मुलं म्हणतात, मी कॉफी पिऊनसुद्धा झोपतो. झोपतात, पण गाढ झोप कमी झालेली असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. तू रात्री एकला जे सर्किट समजून घेतोस ते सकाळी धूसर का होतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

म्हणून माझा दवाखान्यातला नियम असा, की दुपारी दोननंतर कॅफिन नाही. ज्याला उशिरा झोपायचं आहे त्याला फार तर तीन. हिवाळी परीक्षेला संध्याकाळी सहालाच अंधार पडतो, थंडी असते, पांघरुणात झोप चटकन लागते, म्हणून चूक झाकली जाते. उन्हाळी परीक्षेत नागपूर तुला माफ करत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, रात्री अकरालाही भिंती गरम, कूलरचं पाणी संपलं की उठून बादली आणायची. झोप आधीच तुटलेली. त्यावर संध्याकाळचा मग म्हणजे फारच महाग पडतो. कॉफीने शरीरातलं पाणी आटतं ही भीती थोड्या मात्रेत खरी नाही, कपातलं बहुतेक पाणी अंगी लागतंच. पण मुलं तहान लागली की पाण्याऐवजी कॉफी-चहा घेतात, ते या उन्हात धोक्याचं. टेबलावर भरलेली बाटली डोळ्यांसमोर असू दे.

आता तुझा दुसरा प्रश्न, सोडली तर सावरेन का. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. परीक्षा तीन आठवड्यांच्या आत असती तर मी म्हटलं असतं, पूर्ण सोडायच्या भानगडीत पडू नकोस, फक्त संध्याकाळचे मग काढ, बाकी परीक्षेनंतर बघू. तुझ्याकडे सात आठवडे आहेत, त्यामुळे सवड आहे. पण तुला पूर्ण सोडायची गरज आहे असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटत नाही. सकाळचा एक कप तुला आवडतो, असं तूच लिहिलं आहेस. आवडीची गोष्ट ठेवायला हरकत नसावी.

मी काय करायला सांगते ते सांगते. पहिले तीन दिवस काहीही बदलू नकोस, फक्त लिही. किती वाजता, किती मोठा कप, किती चमचे, आणि त्या क्षणी तुला खरं काय होत होतं. झोप येत होती, भूक होती, कंटाळा होता, एकटं वाटत होतं? मग सगळ्यात उशिराचा मग आधी काढ. त्याने डोकेदुखी फारशी होत नाही, कारण सकाळचा मग जागेवर असतो. तीन-चार दिवसांनी संध्याकाळचा. मग दुपारच्या मगात दोनऐवजी एक चमचा, मग अर्धा. असं दर तीन-चार दिवसांनी एक पायरी उतरलास तर तीन आठवड्यांत तू सकाळच्या एका मगावर आणि जेवणाच्या तासभर आधीच्या एका छोट्या कपावर येशील. एखाद्या पायरीला डोकं जड झालं तर तिथेच आणखी दोन दिवस थांब, मागे जाऊ नकोस. चौथ्या आठवड्यापासून झोप सुधारलेली दिसेल. उरलेले तीन आठवडे तुला स्वच्छ डोक्याने मिळतील. परीक्षेच्या दिवसांत मात्र काहीही नवीन करायचं नाही. जो कप रोज जेवढा असतो, तेवढाच, त्याच वेळेला. पेपरच्या सकाळी एक जास्त घेऊन बघू, हा मोह माझ्या त्या स्लाइडच्या सकाळपर्यंत घेऊन जातो.

दुपारी खूपच पेंग येत असेल तर एक युक्ती आहे, ती मला रात्रपाळीत शिकायला मिळाली. जेवणाआधीचा तो छोटा कप बाराच्या सुमाराला घेऊन लगेच डोळे मिटून वीस मिनिटं पड. कॅफिनचा असर यायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात झोपेने साचलेलं ॲडेनोसिन थोडं कमी झालेलं असतं. उठल्यावर दोन्हींचा फायदा मिळतो. गजर लाव. तासभर झोपलास तर उठून डोकं आणखी जड होईल.

आता तू ज्यासाठी कॉफी पीत होतास, त्याबद्दल. तीन दिवसांची नोंद आणली की बहुतेकांच्या कागदावर तीन भोकं दिसतात. सकाळी नाश्ता नाही, दुपारच्या डब्यात भाजी-पोळीपलीकडे काही नाही, आणि रात्री अकराला खोलीत शांतता सहन होत नाही. पहिलं भोक बुजवणं नागपुरात सोपं आहे. चौकात तर्री पोहे मिळतात, त्यात हरभरे असतात, पोट भरतं. पित्त असेल तर तर्री बेताची घे. रिकाम्या पोटी कॉफी ओतणं बंद झालं की अर्ध्या मुलांची ॲसिडिटी औषधाशिवाय जाते. साखरेचाही हिशेब कर. चार मगांत दोन-दोन चमचे म्हणजे रोज ३५-४० ग्रॅम साखर फक्त कॉफीतून, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम म्हणते.

थकव्याचं कारण रक्तातही असू शकतं, आणि हे मी जरा ठासून सांगते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली, गडचिरोली जिल्ह्यातली, अभ्यासिकेत बारा तास बसणारी. दिवसाला पाच कॉफ्या, तरी दुपारी टेबलावर डोकं टेकायची. स्वतःला आळशी म्हणत होती. हिमोग्लोबिन ८ च्या जवळपास निघालं, म्हणजे बरंच कमी. ती प्रत्येक जेवणाबरोबर कॉफी घेत होती. चहा-कॉफीतले काही घटक डाळी-पालेभाज्यांतलं लोह आतड्यात शोषू देत नाहीत. म्हणूनच पोषण संस्थेने जेवणाच्या आधी आणि नंतर एकेक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींना रक्ताक्षय होता. म्हणजे अभ्यासिकेतल्या दर दुसऱ्या मुलीला हे लागू आहे. शिवाय आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तू वडशाचा, तुझ्याकडे शाळेत कधी तपासणी झाली असेल तर घरी विचार. झाली नसेल तर करून घे. एक साधी रक्ततपासणी, हिमोग्लोबिन, सिकलसेलची चाचणी, लागली तर थायरॉइडची. सरकारी रुग्णालयात होतं. त्या मुलीला मी कॉफी सोड म्हटलं नाही. जेवणापासून लांब कर म्हटलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, खाणं सुधारायला सांगितलं. तीन महिन्यांनी ती दोन कपांवर होती, कुणी न सांगता.

तुझ्या धडधडीबद्दल. चार मग आणि तीन तास झोप यांत धडधड होणं नवल नाही, आणि मात्रा उतरली की ती जायला हवी. दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा धडधडीबरोबर चक्कर, छातीत दुखणं, अंधारी येणं असं काही झालं, तर वाट न बघता डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढ. अचानक आलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप, मान आखडणं, उलट्या, दिसण्यात फरक, यांतलं काही असलं तर 'कॉफी सोडल्यामुळे असेल' म्हणून घरी बसायचं नाही.

कॉफीचा त्रास अचानक वाढण्याचं आणखी एक कारण मुलांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे औषधं. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं किंवा लघवीला जळजळ झाली की सिप्रोफ्लॉक्सॅसिन नावाचं प्रतिजैविक दिलं जातं. ते कॅफिन पचवणारं तेच एन्झाइम अडवतं. मग नेहमीचा एक कप दोन-तीन कपांसारखा लागतो, रात्रभर डोळे टक्क उघडे. त्या पाच-सात दिवसांत कॉफी बंदच ठेवावी किंवा अगदी थोडी घ्यावी. गर्भनिरोधक गोळ्यांनीही कॅफिन शरीरात जवळजवळ दुप्पट वेळ राहतं. सिगारेटचं उलटं आहे, धुराने कॅफिन लवकर निघून जातं, त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्याला तीच कॉफी अचानक जास्त वाटायला लागते. तू सिगारेटबद्दल लिहिलं नाहीस, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळीनंतर किमान अर्धा-पाऊण तास कॉफी घेऊ नये, गोळी नीट शोषली जात नाही. आणि ज्यांना घाबरं होण्याचे झटके येतात, त्यांना मात्र मी पूर्ण सोडा असंच सांगते. त्यांच्यात कॅफिन झटका ओढून आणू शकतं, आणि ते 'एकच कप' म्हणत राहतात.

जिद्दीबद्दल विचारलंस. माझ्याकडे जी मुलं कॉफी सोडून परत येतात, ती जवळजवळ सगळी परीक्षेच्या आधी, नोकरीच्या मुलाखतीच्या आधी, घरात कुणी आजारी असताना परत येतात. म्हणजे झोप कमी आणि भीती जास्त असते तेव्हा. तू दीड महिना राहिलास, आणि त्यात तुला कळलं की सकाळी गजराशिवाय जाग येऊ शकते. ही माहिती तुझ्याकडे आहे. पाच मग कधीच न सोडलेल्या मुलाकडे ती नाही. मी तुझ्या जागी असते तर दसऱ्याचा तो दीड महिना हरलेला धरला नसता. जिद्द म्हणजे दात-ओठ खाऊन राहणं, असं मुलांना वाटतं आणि मग पहिल्याच कपाला सगळं संपलं असं समजून पाच होतात. एक कप जास्त झाला तर तो एकच कप आहे. पुढचा नेहमीच्या वेळी.

आणि रूममेट. तू लिहिलंस की तो स्टूलावर बसून पावडर-साखर फेटत असतो, खोलीभर वास सुटतो, आणि दिवसभरात तुम्ही दोघं त्याच वेळी बोलता. मला वाटतं तू नोव्हेंबरात परतलास तो परीक्षेमुळे जितका, तितकाच या दहा मिनिटांमुळे. दसऱ्यानंतर दीड महिना तू ती सोडून दिली होतीस ना? त्याला नाही म्हणायची गरजच नाही. त्याला सांग, दूध दोघांचं तापव. तुझ्या कपात पावडर पडायच्या आधी कप उचल, वर चिमूटभर जायफळ किस, थोडा गूळ किंवा साखर घाल, आणि तिथेच त्याच्यासमोर बस. घरून येताना आईकडून एक जायफळ आणि छोटी किसणी आण. एका जायफळात उन्हाळी परीक्षा निघते.